व्यायामाचे रेप मोजणाऱ्यालाही शिकवावं लागतं

महोदय,

आमच्याकडे झालेल्या फिटनेस स्पर्धेची बातमी आपल्या क्रीडा पानावर वाचली. बक्षिसांच्या रकमा, पाहुण्यांची नावं, विजेत्यांचे फोटो, सगळं आलं होतं. निकालावरून मैदानावर जो वाद पेटला, तो मात्र बातमीत नव्हता. आणि तो ज्यामुळे पेटला, त्या पंचांच्या अपुऱ्या प्रशिक्षणाबद्दल कोणीच लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

मी साताऱ्यात शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी अशा स्पर्धांना पंच म्हणून जाते. त्या दिवशी बर्पी (खाली झोपून छाती टेकवायची, मग उठून उडी मारायची) आणि वॉल बॉल (बैठक मारून उठताना जड बॉल भिंतीवरच्या खुणेला मारायचा) होते. व्यायामाची एक पूर्ण आवृत्ती म्हणजे एक रेप, आणि ते मोजायचे पंचाने. माझ्या शेजारच्या लेनवर कॉलेजात शिकणारा एक मुलगा पंच होता. सकाळी त्याच्या हातात टी-शर्ट आणि पॅड आलं, दोन-चार सूचना मिळाल्या आणि लगेच पहिली हीट, म्हणजे स्पर्धकांची पहिली फेरी, सुटली. बर्पीत छाती जमिनीला टेकली पाहिजे हे त्याला ठाऊक होतं. पण तो उभा होता स्पर्धकाच्या डोक्यापाशी, आणि तिथून छाती दिसतच नाही. बाजूला, जरा वाकून उभं राहावं लागतं. हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. त्या पोराला मी दोष देणार नाही, जीव तोडून मोजत होता तो. पण प्रत्येक वेळी पूर्ण खाली जाणारी एक मुलगी चौथी आली आणि अर्ध्यातून उठणारीच्या गळ्यात पदक पडलं. त्या मुलीचे आईवडील मला विचारत होते, ‘मॅडम, पूर्ण करायचं नव्हतं का?’ काय सांगणार?

पॉवरलिफ्टिंगमध्ये, म्हणजे जास्तीत जास्त वजन उचलायच्या खेळात, एका लिफ्टवर तीन पंच असतात, एक समोर आणि दोन बाजूंना. तिघांचे पांढरे-लाल दिवे एकदमच लागतात, म्हणजे कोणी दुसऱ्याचं पाहून मत बदलू शकत नाही. दोन पांढरे असले तर लिफ्ट ग्राह्य. लाल दिला तर कारणाचं रंगीत कार्डही दाखवावं लागतं. आणि ती खुर्ची मिळण्याआधी लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते. आपल्या फिटनेस स्पर्धांत एका लेनवर एकच पंच असतो. त्याने पाहिलं तेच खरं, दुसरा डोळा नाही. त्यात घड्याळ चालू, स्पर्धक धापा टाकतोय, मागे त्याचे मित्र ओरडताहेत. जिथे पंच एकटा आहे तिथेच प्रशिक्षण सर्वांत कमी, हे मला अजिबात पटत नाही.

शिकायचं असतं ते नियमांच्या पलीकडचं. स्क्वॉटमध्ये, म्हणजे बैठकीत, मांडीचा सांधा गुडघ्याच्या वरच्या पातळीखाली गेला पाहिजे, हे वाक्य पाठ व्हायला एक मिनिट लागतं. सैल हाफपँट घातलेल्या, जाड मांड्यांच्या, लांब पायांच्या माणसात तो सांधा नेमका कुठे आहे हे दिसायला शेकडो बैठका पाहाव्या लागतात. वॉल बॉलमध्ये तर दोन गोष्टी असतात. बैठक पुरेशी खाली गेली का, आणि बॉल वरच्या खुणेला लागला का. डोळे आधी खाली, मग वर, याची लय बसवावी लागते. लंजमध्ये (एक पाय पुढे टाकून खाली जाताना) मागचा गुडघा जमिनीला टेकला का, पुल-अपमध्ये हनुवटी बारच्या वर आली का आणि खाली येताना कोपर पूर्ण सरळ झालं का, प्रत्येकाची उभं राहायची जागा वेगळी. काहींचं कोपर मुळातच पूर्ण सरळ होत नाही. तशा स्पर्धकाने आधीच पंचांना सांगायचं आणि पंचांनी ते लक्षात ठेवायचं, हेही शिकवलं पाहिजे.

मोजणं मोठ्यानेच हवं. रेप चुकला की त्याच क्षणी ‘नो रेप’ आणि एका शब्दात कारण: ‘खाली’, ‘कोपर’, ‘हनुवटी’. मग आधीचाच आकडा पुन्हा. पहिले दहा सोडून देऊन अकराव्याला अडवलं तर स्पर्धक चिडणारच, आणि त्याचं बरोबर असतं, कारण त्या दहा रेपांनी तुम्हीच त्याला सांगितलं होतं की एवढं चालतं. सर्वांत अवघड शेवटचे रेप. समोरचा थरथरतोय, आपल्यालाच वाईट वाटतं आणि तोंडातून आकडा निसटतो. ती दया शेजारच्या लेनवरच्या माणसाच्या खिशातून जाते. म्हणून स्वतःच्या जिमच्या, ओळखीच्या, नात्यातल्या स्पर्धकाच्या लेनवर पंचाने उभं राहूच नये.

२०२५ मध्ये अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या निकालावर चिडून मल्लांनी पंचांशी जो वाद घातला, तो सगळ्या महाराष्ट्राने पाहिला. तेव्हा मल्लांच्या वागण्यावर भरपूर लिहून आलं. कुस्तीला निदान पंचांची जुनी परंपरा आहे. आमचा खेळ नवा आहे. त्याच वर्षी मुंबईत हायरॉक्स झाली: आठ किलोमीटर धावणं, प्रत्येक किलोमीटरनंतर एक व्यायाम, शेवटी वॉल बॉल. तेव्हापासून लहान शहरांतही तशा स्पर्धा भरवायची हौस वाढली आहे. हौस चांगलीच आहे. माझ्या शाळेतल्या मुली त्यामुळे पहाटे मैदानावर येऊ लागल्या, आणि म्हणूनच मला त्यांच्या कष्टाचा एक रेपही वाया गेलेला नको आहे.

क्रॉसफिट ओपन या जगभर होणाऱ्या फिटनेस स्पर्धेत पंचासाठी ऑनलाइन अभ्यासक्रम आहे. पण तो मराठीत नाही. आपल्याकडे लेनवर उभी राहतात ती बी.पी.एड.ची, एनसीसीची, मराठी माध्यमातून आलेली मुलं. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून शारीरिक शिक्षणाच्या क्षेत्रात आहे. अशा संस्थांनी आणि जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयांनी मिळून मराठीतून दोन दिवसांचं पंच-शिबिर सुरू करावं, अशी माझी विनंती आहे. पहिल्या दिवशी व्हिडिओ पाहून प्रत्येकाने वेगवेगळं मोजायचं आणि आकडे का जुळले नाहीत यावर भांडायचं. दुसऱ्या दिवशी मैदानावर खरे स्पर्धक, आणि प्रत्येक नव्या पंचामागे एक अनुभवी पंच. शिबिराच्या शेवटी परीक्षा, आणि नापास झालेल्याला लेन नाही.

आयोजकांनी तोवर एवढं तरी करावं. प्रत्येक व्यायामाचा नियम प्रवेशिकेसोबतच लेखी द्यावा. हीट सुरू होण्याआधी तो सर्वांसमोर करून दाखवावा. तक्रार ऐकायला एक मुख्य पंच मोकळा ठेवावा, त्याला लेन देऊ नये. पंचांना जेवण, प्रवासखर्च आणि मानधन द्यावं, दर दोन-तीन हीटनंतर विश्रांती द्यावी, कारण दुपारी उन्हात सलग मोजणाऱ्याचे डोळेही थकतात. आणि बक्षिसाच्या रकमेखाली जाहिरातीत एक ओळ छापावी: पंचांचं प्रशिक्षण कोणत्या तारखेला झालं, कोणी दिलं.

आपली,
एक क्रीडाशिक्षिका, सातारा