सगळे केरकर एका घरचे नव्हेत

माननीय संपादक, सप्रेम नमस्कार.

एकाच आडनावाच्या लोकांचे मेळावे आजकाल जोरात भरतात आणि तुम्ही त्यांच्या बातम्या फोटोसकट छापता, छापा, माझी काय हरकत नाही, जेवण बरं असतं म्हणे. पण त्या फोटोत मागे जो फ्लेक्स असतो ना, खाली एक मूळपुरुष आणि वर फांद्याफांद्यांना झाडून सगळे आडनावबंधू चिकटवलेले, त्यावरून हे पत्र लिहितोय. माझ्या मुलाने मलाही केरकरांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर घातलंय. रोज सकाळी दोनेकशे केरकर एकमेकांना गुड मॉर्निंग घालतात. मी एकदा विचारलं, बाबांनो आपण सगळे कुठल्या केरीचे? दिवसभर ग्रुप गप्प.

कारण गोव्यात केरी एक नाही. फोंड्यात केरी आहे, सत्तरीत केरी आहे, आणि पेडण्यात तेरेखोलच्या तोंडावर आहे ती तिसरी. तिन्हीकडचा माणूस गाव सोडून बाहेर पडला की केरकर. मग जात वेगळी, गोत्र वेगळं, देव वेगळा, तरी आडनाव एकच. शिरोडकरांचं तेच, एक शिरोडा फोंडा तालुक्यात, एक वेंगुर्ल्याकडचं. नार्वेकरांचं तर त्याहून वरचढ, नार्वे दिवाडी बेटावर आहे आणि डिचोलीतही आहे, सप्तकोटेश्वर पहिल्यातून दुसऱ्यात आला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी देऊळ बांधून घेतलं ते या डिचोलीतल्या नार्व्यात. नाईक, देसाई ही तर मुळात कामाची, मानाची नावं, ती कुठल्या जातीत नाहीत ते सांगा. आणि मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर झाले ते गावावरून, त्याच मंगेशीतले अभिषेकी देवाला अभिषेक करायचे म्हणून अभिषेकी. म्हणजे आडनाव रक्तातून येतं असं काही नाही, कुणी गावावरून लावतं, कुणी कामावरून.

मग आपला कोण हे कसं ओळखायचं? आमच्या आजीकडे साधा हिशेब होता, ज्याचं सुतक आपल्याला लागतं तो आपला, ज्याचं लागत नाही तो शेजारी, मग आडनाव काही असो. ती आणखी एक वाक्य नेहमी बोलायची, "आमी केरयेंत येवन राविल्ले रे, मूळचे न्हय." मी लहान होतो, वाटायचं म्हातारी उगाच बडबडते. निवृत्त झाल्यावर जरा शोधायला बसलो तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आम्ही फोंड्यातल्या केरीचे केरकर, पण आमची कुलदेवता म्हार्दोळची म्हाळसा. आणि म्हाळसा म्हार्दोळची कुठे, ती साष्टीतल्या वेर्ण्याची. बार्देश आणि साष्टी हे गोव्यातले तालुके १५४३ मध्ये पोर्तुगीजांकडे गेले, पुढे देवळं पाडायला सुरुवात झाली, १५६७ मध्ये साष्टीत तर सरसकट पाडली, तेव्हा लोक देव उचलून जुवारी नदी ओलांडून फोंड्यात आले, तिथे तेव्हा आदिलशाही होती. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. केरीतली विजयादुर्गासुद्धा सांकवाळहून आलेली. देवाच्या मागून भाविकांची घरं आली आणि जिथे टेकली तिथलं नाव चिकटलं. म्हणजे ज्या गावावरून मी स्वतःला केरकर म्हणवतो ते आमचं पळून आल्यावरचं गाव, आणि जिथून पळालो ते वेर्णें आडनावात कुठेच नाही. आडनाव धरून मी शंभर वर्षं शोधलं असतं तरी केरीच्या पुढे गेलो नसतो, देव धरला म्हणून नदीपलीकडे पोचलो.

आता कागदांची कथा. १९१४ पासूनची जन्म-मृत्यूची नोंद पोर्तुगीजांनी ठेवलीय, म्हणून आजोबांची नोंद काढायला एका सरकारी कार्यालयात गेलो. इंडेक्सच्या वह्यांत के अक्षराखाली दोन दिवस बोट फिरवलं, एक केरकर नाही. मला वाटलं आमचे लोक जन्मलेच नाहीत की काय. तिसऱ्या दिवशी तिथल्या एका जुन्या क्लार्कने चष्म्यावरून बघून विचारलं, क्यू बघितलात? पोर्तुगीज लिहिणाऱ्याला के फारसा ठाऊकच नव्हता, त्याने लिहिलंय क्यू यू ई आर सी ए आर! कामताचा कामोतीं, प्रभूचा पोरोबो, शिरोडकर एक्सपासून सुरू. वर आणखी घोळ म्हणजे आमच्यात नातवाला आजोबाचं नाव ठेवायची पद्धत, त्यामुळे राम विष्णू, विष्णू राम, राम विष्णू अशी माळ, कोण बाप कोण पणजोबा तारखा लावल्याशिवाय कळत नाही.

बाय द वे, त्या कार्यालयात माझ्या आधी रांगेत जी माणसं होती त्यांतल्या एकालाही पूर्वजांशी काही देणंघेणं नव्हतं, सगळे आजोबाचा सर्तिदांव (जन्मदाखला) काढून पोर्तुगालचा पासपोर्ट करणारे. आजोबा पहिल्यांदाच उपयोगी पडला म्हणायचा. करोत बापडे, पोटाचा प्रश्न आहे, पण आजोबाच्या वरचं पान कुणी उलटत नाही हे बघून वाईट वाटलं, एवढ्या जवळ येऊन!

आडनाव किती फसवं हे बघायचं असेल तर ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे बघा. बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्रीचं नाहीतर गॉडफादरचं आडनाव मिळायचं, त्यामुळे सख्खे भाऊ वेगवेगळ्या आडनावांचे झाले, आणि उलट एकाच आडनावाची दोन घरं शेजारी असून एकमेकांची कुणीच नाहीत. पण गावकारीतलं, म्हणजे जुन्या गावसंस्थेतलं, वांगड म्हणजे कूळ, ते बदललं नाही. कुंकळ्ळीत बारा वांगडं, शिगम्याच्या दिवसांत शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण फातर्प्याहून आपल्या जुन्या जागेकडे येते तेव्हा बरोबर बारा छत्र्या असतात, वांगडागणिक एक, आणि या वांगडांत हिंदूही आहेत ख्रिस्तीही. तिथे कुणी आडनाव विचारत नाही. आमच्या मेळाव्याच्या फ्लेक्सवर मात्र एकही ख्रिस्ती नाव दिसलं नाही मला, साष्टीतून आलेल्या लोकांच्या झाडाला साष्टीत राहिलेली एकही फांदी नाही म्हणजे कमाल झाली.

देवळांच्या महाजनांच्या, म्हणजे देवस्थानाच्या वंशपरंपरेने आलेल्या सभासदांच्या, याद्या ही दुसरी मोठी गोष्ट. महाजनी कायदा १८८६ चा, मग १९३३ चा, त्यामुळे देवळागणिक महाजन कोण याची लेखी यादी तयार झाली, आणि ती बापाकडून मुलाकडे चालत आली म्हणून पिढ्या लावायला सोन्यासारखी. पण सोनं अर्धंच, कारण त्यात बाया नाहीत. पणजीचं माहेर कुठलं हे महाजनांच्या यादीत कधी सापडणार नाही. ते मला सापडलं इन्व्हेंटरीच्या केसमध्ये, आपल्याकडचा नागरी कायदा मुलींना वाटा देतो ना, त्यामुळे घरवाटणीच्या जुन्या फायलीत मुली, त्यांचे नवरे, त्यांचे गाव सगळं लिहिलेलं असतं. भावाबहिणींनी एकमेकांवर भांडून ठेवलं म्हणून आम्हाला पणजी मिळाली. पणजीचं आडनाव फ्लेक्सवर नाही, तिचं नावही नाही, "विष्णू (पत्नी)" एवढंच.

माझी मागणी मोठी नाही. देवस्थान समित्यांनी आपल्या जुन्या महाजन याद्या कपाटात बुरशीला न देता स्कॅन करून ठेवाव्यात, आणि पणजीत पुराभिलेख खातं १५९५ पासूनचं आहे, त्यांच्याकडे मोडी कागद वाचणारी माणसं वाढवावीत, कारण घराघरातले मोडी कागद वाचायला आता कुणी उरलेलं नाही. आमच्याच एका नातलगाने चवथीच्या साफसफाईत पेटीभर कागद जाळले, म्हणे उंदीर झाले होते. आणि मेळावेवाल्यांना सांगणं एवढंच की हॉल बुक करण्याआधी येत्या चवथीला व्हडल्या (मूळच्या मोठ्या) घरी बसा, एकाच गणपतीला कोण कोण येतं त्यांची नावं लिहा, बायांची माहेरच्या आडनावासकट लिहा, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईच्या शेजारी बसून लिहा, आणि ती काय बोलते ते मध्ये न तोडता ऐका. आमची आजी गेली तेव्हा मी पणजीला कॉलेजात होतो, एक ओळ लिहून घेतली नाही.

तुमच्या पेपरातलं निधनाचं पान मी सगळ्यात आधी वाचतो, बायको त्यावरून बोलते. पश्चात कोण कोण, कुठल्या गावची सून, कुठल्या घराण्यातली मुलगी, हे तिथे छापलेलं असतं म्हणून कात्रणं काढून वहीत चिकटवतो, चौथी वही चालू आहे. तिथे जागेअभावी "असा परिवार आहे" म्हणून नावं गाळता ती कृपया गाळू नका. आणि कुणा वाचकाच्या घरी केरकर आडनाव, देव म्हार्दोळचा, आणि "व्हडलें घर वेर्णां आशिल्लें" असं कुणी म्हातारं माणूस म्हणत असेल तर याच सदरात दोन ओळी लिहा, ख्रिस्ती असलात तरी लिहा.

आपला,
एक केरकर (फोंड्याच्या केरीचा), फोंडा