गृहपाठ ‘नंतर’वर का जातो?

महोदय,

दिवाळीच्या सुट्टीतला गृहपाठ शाळा उघडायच्या आदल्या रात्री लिहिला जातो आणि प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर आली की विज्ञानाचे अख्खे जर्नल दोन दिवसांत उतरवले जाते. घरोघरी याला ‘आळस’ म्हणतात. पण हीच नववी-दहावीतली मुले क्रिकेटसाठी पहाटे साडेपाचला मैदानावर हजर असतात, त्यामुळे हे निदान पटत नाही. बहुतेक वेळा सुरुवात कुठून करायची हेच ठाऊक नसते, म्हणून वही उघडली जात नाही.

फळ्यावर काय लिहिलेले असते ते पाहा : ‘वर्गसमीकरणे, सरावसंच पूर्ण करा.’ ही तर कामाची मोळी झाली. शाळेच्या डायरीत तीन गोष्टी हव्यात : पान क्रमांक, पहिले उदाहरण कोणते आणि अंदाजे किती मिनिटे. शिवाय पहिले उदाहरण वर्गातच अर्धे सोडवून ठेवावे. समजा, x² + 15x + 54 = 0 मध्ये मधल्या पदाची फोड करायची आहे, ५४ चे असे दोन अवयव हवेत की बेरीज १५ यावी. ९ आणि ६. एवढे लिहून वही मिटावी. संध्याकाळी ती उघडली की पुढची ओळ आपोआप सुचते. रंगीत पेनाने शीर्षक आणि समास आखत बसणे हीसुद्धा टाळाटाळच, फक्त नीटनेटकी!

सुरुवातीला दहा मिनिटेच ठरवावीत. फ्रान्चेस्को चिरिलो या इटालियन तरुणाने १९८० च्या दशकात टोमॅटोच्या आकाराचा स्वयंपाकघरातला टायमर लावून २५ मिनिटे काम, ५ मिनिटे विश्रांती अशी पद्धत बसवली. ती चांगली आहे, पण रोज टाळणाऱ्याला पहिल्याच दिवशी २५ मिनिटे डोंगराएवढी वाटतात. वेळ लावायला मोबाइल नको, गजराचे साधे घड्याळ घ्यावे. विश्रांतीतही मोबाइल नको, कारण त्यावरची पाच मिनिटे पाच राहत नाहीत. गृहपाठ व्हॉट्सअॅप ग्रुपवर येत असेल, तर पालकांनी तो कागदावर उतरवून द्यावा.

खरी गाडी अडते ती भूमितीत. आकृती काढली, पक्ष-साध्य लिहिले, पुढे रचना सुचत नाही; मग गाइड उघडते आणि उरलेला गृहपाठ नकलून होतो. त्यापेक्षा सात मिनिटांत सुचले नाही तर चार ओळी कोऱ्या सोडाव्यात, समासात पेन्सिलने प्रश्नचिन्ह करावे आणि पुढच्या उदाहरणाकडे वळावे. त्या प्रश्नचिन्हावर शिक्षकांनी रागावू नये, उलट वर्गाची सुरुवात तिथूनच करावी.

वेळेचा अंदाजही फसतो. आठवडाभर प्रत्येक विषयापुढे ‘ठरवलेली’ आणि ‘लागलेली’ मिनिटे लिहिली, तर भौमितिक रचनांना किती जास्त वेळ जातो ते मुलांना स्वतःलाच दिसते. जर्नलमधला निरीक्षण तक्ता आणि आकृती प्रयोगाच्या दिवशीच पूर्ण व्हावी. साहित्य, कृती दोन दिवसांनीही लिहिता येते. उपकरणावरची वाचने मात्र विसरली की मित्राच्या जर्नलमधून घ्यावी लागतात.

‘दहा वेळा लिहून आण’ ही शिक्षा बंद व्हावी. आधीच तुंबलेल्या मुलावर आणखी ओझे टाकून काय साधते? दहावीच्या गणितात ८० गुण लेखी आणि २० गुण अंतर्गत असतात, त्यात गृहपाठही धरला जातो. तो नकललेला असला तरी गुण मिळतात, हे मुलांना पक्के माहीत आहे.

शाळांना एक विनंती. पाच विषयांच्या वह्या एकाच सोमवारी मागू नयेत. वर्गात आठवड्याचा एक तक्ता लावावा, प्रत्येक शिक्षकाने त्यात आपला विषय आणि लागणारी मिनिटे लिहावीत. एखाद्या दिवसाची बेरीज ९० च्या पुढे गेली, तर शेवटी लिहिणाऱ्याने आपला गृहपाठ दुसऱ्या दिवशी ढकलावा.

– एक गणित शिक्षक, सातारा