उपवासाआधी गोळ्यांचा विचार हवा

महोदय,

दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेला आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी घरोघरी पोहोचवलेला दोनच वेळा जेवण्याचा क्रम मी ८ महिने पाळते आहे. सकाळचा चहा-बिस्किटे सुटली आणि वजन ६ किलोंनी उतरले. मात्र मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड घेणाऱ्या माझ्या यजमानांनी डॉक्टरांना न विचारता तोच क्रम धरला, तेव्हा अकराच्या सुमारास त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले आणि रक्तातील साखर फारच उतरून ५८ निघाली. ही गोळी पोटात अन्न नसले तरी साखर उतरवणारे इन्सुलिन स्रवायला लावते. इन्सुलिन किंवा अशा गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांकडून मात्रा ठरवून घेतल्याशिवाय जेवणाच्या वेळा लांबवू नयेत, एवढी एक ओळ मोबाइलवर उपवासाचे तक्ते पुढे पाठवणाऱ्यांनी त्यात जरूर घालावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, सातारा