रँक सामन्यांचा तोल बिघडला आहे: शूटर गेमच्या कंपनीस तक्रार पत्र

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: रँक (क्रमवारीच्या) सामन्यांतील विकतच्या बंदुका, सर्व्हरची निवड आणि लॉबीची जुळणी यांबाबत तक्रार

महोदय / महोदया,

आपल्या ऑनलाइन शूटर गेमचा मी पहिल्या सीझनपासूनचा खेळाडू आहे आणि बॅटल पास (सीझनभराची बक्षिसे देणारा विकतचा पास) घेणारा ग्राहकही. ॲपमधल्या मदत विभागात तक्रार टाकली की इंटरनेट तपासा, कॅशे साफ करा, ॲप काढून पुन्हा टाका, असे ठरावीक उत्तर येते. खाली मांडलेल्या एकाही गोष्टीचा त्याच्याशी संबंध नाही. म्हणून हे पत्र आकड्यांनिशी लिहीत आहे आणि उत्तरही आकड्यांनिशी मिळावे, ही अपेक्षा आहे.

हरण्याबद्दल तक्रार नाही. समोरच्याचा नेम चांगला होता, त्याने उंचावरची जागा आधी धरली, आपण भलत्या वेळी रीलोड केले, अशी हार समजते आणि पुढच्या सामन्यात सुधारता येते. आता मात्र किलकॅम (मारणाऱ्याच्या नजरेतून दाखवला जाणारा शेवटचा क्षण) पुन्हा पुन्हा पाहूनही हरण्याचे कारण खेळात सापडत नाही. ते बंदुकीच्या लेव्हलमध्ये असते, सर्व्हर किती दूर आहे त्यात असते, नाहीतर लॉबी, म्हणजे एका सामन्यातले खेळाडू, कशी जुळवली त्यात असते. यातले काहीच खेळाडूच्या हातात नाही.

पहिला आणि सगळ्यात गंभीर मुद्दा विकतच्या बंदुकीचा. क्रेटमधून (पैसे देऊन उघडायच्या पेटीतून) मिळणारी जी रायफल पुढे पैसे भरून चौथ्या लेव्हलपर्यंत नेता येते, तिचा छातीवरचा डॅमेज (इजा) दर गोळीला 34 आहे. तीच रायफल जमिनीवर साधी सापडली तर 32. आपल्या प्रतिनिधीने याला ‘सहा टक्क्यांचा किरकोळ फरक’ म्हटले. टक्केवारी बरोबर आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. शूटरमध्ये डॅमेजच्या टक्क्याला अर्थ नसतो, किती गोळ्यांत माणूस पडतो याला असतो. खेळाडूची हेल्थ 100. साध्या रायफलच्या तीन गोळ्यांचे 96 होतात, म्हणजे चौथी गोळी लागते. विकतच्या रायफलच्या तीन गोळ्यांचे 102 होतात आणि समोरचा तिथेच पडतो. दोन्हींचा वेग मिनिटाला 600 गोळ्या, म्हणजे दोन गोळ्यांत 100 मिलिसेकंद. पहिली गोळी शून्याला धरली तर साधी रायफल 300 मिलिसेकंदांत मारते, विकतची 200 मध्ये. सहा टक्के डॅमेज वाढवून मारण्याचा वेळ एक तृतीयांशाने कमी झाला. दिसल्यावर बोट हलवायला बहुतेक माणसांना 200 ते 250 मिलिसेकंद लागतात. त्यामुळे 300 मध्ये वळण्याची, बसण्याची, निदान एक गोळी परत मारण्याची थोडी तरी संधी असते. 200 मध्ये ती उरतच नाही.

अंतर वाढल्यावर काय होते तेही पाहावे. आपल्या घटीच्या तक्त्यानुसार मधल्या पल्ल्यावर डॅमेज 80 टक्के राहतो. तिथे साध्या रायफलचा 25.6 आणि विकतच्या रायफलचा 27.2, दोन्हींना चार गोळ्या. इथे फरक पडत नाही. त्याही पलीकडे डॅमेज 75 टक्क्यांवर येतो, तेव्हा साध्याचे 24 होतात आणि चार गोळ्यांत 96 च भरतात, म्हणजे पाचवी लागते. विकतच्या रायफलचे 25.5 होतात, चार गोळ्यांत 102, काम झाले. म्हणजे जवळच्या आणि लांबच्या दोन्ही लढतींत विकतची बंदूक एक गोळी पुढे आहे. फक्त मधल्या पल्ल्यावर चाचणी घेतली तर दोन्ही सारख्याच दिसतील, आणि कदाचित तशीच घेतली गेली असावी.

पडताळणी सोपी आहे. ट्रेनिंग ग्राउंडमध्ये आरमर (चिलखत) नसलेला पुतळा 10 मीटरवर घ्या. दोन्ही रायफलींच्या सगळ्या अटॅचमेंट (वरून लावलेले जोडभाग) काढा. फक्त छातीवर, एकेक गोळी मारून आकडा लिहून घ्या. मग ऑटोवर (सलग गोळीबारावर) टाकून दुसऱ्या फोनने 240 एफपीएसवर (सेकंदाला 240 फ्रेम) स्क्रीनचे चित्रण करा आणि पहिल्या हिटपासून पुतळा पडेपर्यंतच्या फ्रेम मोजा. एक फ्रेम सुमारे 4.2 मिलिसेकंदांची. साध्या रायफलला साधारण 72 आणि विकतच्या रायफलला 48 फ्रेम भरतात. तंगड्यांवरची गोळी मोजू नका, तिथला गुणक वेगळा असल्याने हिशेब फसतो.

दुकानाच्या पानावर या बंदुकीचे वर्णन ‘खास इफेक्ट आणि नवा लूक’ एवढेच आहे. डॅमेज बदलतो हे कुठेही लिहिलेले नाही. घेणाऱ्याला माहीत नाही आणि ज्याच्याविरुद्ध ती वापरली जाते त्यालाही नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये अनुचित व्यापारी प्रथेची व्याख्या आहे, ती कलम 2(47) मध्ये वाचावी.

स्किन, म्हणजे बंदुकीचे फक्त रूप बदलणारी सजावट, विकायला कोणाचाच विरोध नाही. काउंटर-स्ट्राइक आणि व्हॅलरंट या दोन्ही गेममध्ये स्किनचा मोठा बाजार आहे आणि स्किनमुळे गोळीचा डॅमेज दशांशानेही बदलत नाही. उलट उदाहरणही सगळ्यांना माहीत आहे. स्टार वॉर्स बॅटलफ्रंट 2 मध्ये नोव्हेंबर 2017 मध्ये क्रेटमधल्या स्टार कार्डांनी ताकद वाढत होती. खेळाडू इतके संतापले की ईए या कंपनीला गेम बाजारात येण्याच्या आदल्या दिवशी गेममधली खरेदी बंद करावी लागली आणि मार्च 2018 मध्ये प्रगतीची पद्धतच बदलावी लागली. बंदुकीची ताकद एकदा विकली की कंपनीचेच हात बांधले जातात. नेर्फ केला, म्हणजे ताकद कमी केली, तर विकत घेणारा फसवला गेल्याची तक्रार करतो, नाही केला तर बाकीचे खेळाडू सोडून जातात. म्हणून आमची मागणी अशी: रँक सामन्यांत या बंदुकीचे सगळे आकडे साध्या बंदुकीइतकेच करावेत आणि ज्यांनी लेव्हलसाठी पैसे भरले त्यांना ते परत मागण्याचा पर्याय द्यावा. गेममधल्या नाण्यांत नव्हे, ज्या मार्गाने पैसे भरले त्याच मार्गाने.

दुसरा मुद्दा सर्व्हरचा. कव्हरच्या मागे पूर्ण गेल्यावरही मरणे ही गेममधली सगळ्यात जुनी तक्रार आहे आणि तिचे कारण गूढ नाही. गोळी मारणाऱ्याच्या स्क्रीनवर जे दिसले ते खरे धरण्यासाठी सर्व्हर काळ थोडा मागे नेऊन पाहतो. व्हॉल्व्ह या गेम कंपनीच्या यान बर्निएर यांनी ही लॅग (नेटवरचा उशीर) भरपाईची पद्धत 2001 मध्येच सविस्तर लिहून ठेवली आहे, आणि त्यातला हा दोषही. पद्धत टाकून देता येत नाही, पण तिचा त्रास किती व्हावा हे तीन गोष्टींवर ठरते: पिंग (संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन परत येण्याचा वेळ, मिलिसेकंदांत), सर्व्हरचा टिक रेट (तो सेकंदाला किती वेळा स्थिती पाठवतो) आणि इंटरपोलेशनचा बफर (हालचाल सलग दिसावी म्हणून फोन मुद्दाम राखून ठेवतो तो उशीर). तिन्ही आपल्या हातात आहेत.

आपला सर्व्हर सेकंदाला 20 वेळा स्थिती पाठवतो, म्हणजे दर 50 मिलिसेकंदांनी. दोन्ही खेळाडूंचा पिंग 90 धरू. कोपऱ्यातून बाहेर येणाऱ्याची हालचाल सर्व्हरपर्यंत जायला 45, टिकची वाट पाहण्यात जास्तीत जास्त 50, तिथून दुसऱ्या खेळाडूपर्यंत 45 आणि दोन अपडेटचा बफर 100. बेरीज 240 मिलिसेकंद. धावण्याचा वेग सेकंदाला 6 मीटर धरला तर बाहेर येणारा प्रत्यक्षात जिथे आहे त्याच्या जवळपास दीड मीटर मागे तो बचाव करणाऱ्याला दिसतो. हाच हिशेब 30 पिंग आणि 60 टिकवर केला तर 15, 17, 15 आणि 33 मिळून 80 मिलिसेकंद, म्हणजे अर्ध्या मीटरहून कमी. वर सांगितलेली 200 मिलिसेकंदांत मारणारी रायफल या 240 सोबत ठेवून पाहा. दबा धरून बसलेला खेळाडू शत्रू दिसण्याआधीच मेलेला असतो. कोपरा धरून बसणे हे शूटरमधले मूलभूत कौशल्य आहे आणि आपल्या गेममध्ये त्याचाच तोटा होतो.

हे सुधारता येते याचे दाखले आहेत. बॅटलफिल्ड 4 हा गेम 2013 मध्ये आला तेव्हा याच कारणासाठी बदनाम होता. पुढे पीसीवर 60 हर्ट्झचे (म्हणजे 60 टिकचे) सर्व्हर देण्यात आले. व्हॅलरंट 2020 मध्ये पहिल्या दिवसापासून 128 टिकवर आला. मोबाइलवर 128 मागत नाही. रँक सामन्यांसाठी 60 द्या, आणि काळ मागे नेण्याची मर्यादा 200 मिलिसेकंदांवर बांधा, म्हणजे 300 पिंगवाल्याला त्याच्या वाईट नेटचा फायदा मिळणार नाही.

आता अंतराबद्दल. रात्री उशिरा लॉबी भरत नाही म्हणून भारतातले खेळाडू न विचारता सिंगापूरच्या सर्व्हरवर टाकले जातात. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत सुमारे 3,900 किलोमीटर. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन 39 मिलिसेकंद हा निसर्गाचाच किमान भाव झाला. केबल सरळ नसते, वाटेत राउटर असतात, आणि नागपूर किंवा कोल्हापूरचा खेळाडू आधी मुंबईपर्यंत पोचायचा असतो. सामना सुरू झाल्यावर पिंग कळून उपयोग नाही. ‘स्टार्ट’ दाबण्याआधी सर्व्हरचे शहर आणि अंदाजे पिंग दाखवा. ‘मुंबई सर्व्हरचीच वाट पाहीन’ असा पर्याय द्या, मग पाच मिनिटे लागली तरी चालतील. आणि परदेशी सर्व्हर नाकारल्याबद्दल गुण कापू नका.

तिसरा मुद्दा लॉबीच्या जुळणीचा. आपण स्क्वॉडची (चौघांच्या संघाची) सरासरी काढता असे सामन्यांवरून स्पष्ट दिसते. 1000 गुणांचे तिघे आणि 2200 गुणांचा एक, सरासरी 1300. यांच्यासमोर 1300 चे चौघे आणून ठेवले की कागदावर सामना बरोबरीचा. पण बुद्धिबळात 1970 पासून फिडे ही आंतरराष्ट्रीय संघटना खेळाडूंच्या गुणांकनासाठी जी इलो पद्धत वापरते तिच्यात 400 गुणांचा फरक म्हणजे दहास एक अशी शक्यता. 900 गुणांच्या फरकाला ती सुमारे 178 ला एक होते. चौघांपैकी कोणीही त्या एकासमोर एकटा सापडला की निकाल ठरलेला आहे, आणि तो 2200 वाला एकेकाला गाठतोच. वरच्या रँकचे खेळाडू मुद्दाम नव्या खात्यांसोबत स्क्वॉड करतात ते याचसाठी. सरासरीऐवजी सर्वांत वरच्या खेळाडूला जास्त वजन द्यावे, किंवा रँकमध्ये दोन पायऱ्यांपेक्षा जास्त फरकाचा स्क्वॉडच घेऊ नये. नव्या खात्याबद्दलही मायक्रोसॉफ्टच्या ट्रूस्किलमध्ये उत्तर आहे. हॅलो 3 मध्ये 2007 पासून वापरलेली ही पद्धत खेळाडूच्या कौशल्याच्या अंदाजासोबत तो अंदाज किती कच्चा आहे हेही साठवते. अंदाज कच्चा असेल तर आकडा झपाट्याने बदलतो, त्यामुळे दुसऱ्या खात्यावरून खेळणारा मुरलेला खेळाडू थोड्याच सामन्यांत आपल्या खऱ्या जागी पोचतो. आपल्याकडे मात्र प्रत्येक नवे खाते पायरी-पायरीने वर चढते आणि वाटेत सगळ्यांना तुडवत जाते.

एकट्याने खेळणाऱ्यांची रांग वेगळी हवी. तयार स्क्वॉड बोलून खेळतो, अनोळखी चौघे नाही. लॉबीत बॉट (संगणकाने चालवलेले खेळाडू) असतील तर नावापुढे तशी खूण करा.

गवताचा प्रश्न छोटा वाटेल, पण रोज माणसे मारतो. कमी ग्राफिक्सवर ठरावीक अंतरापलीकडचे गवत स्क्रीनवर रेखाटलेच जात नाही. त्यामुळे स्वतःच्या स्क्रीनवर गवतात पूर्ण झाकलेला खेळाडू समोरच्या स्निपरला मोकळ्या जमिनीवर आडवा पडलेला दिसतो. गवत रेखाटणे फोनला जड जात असेल तर लांबून पाहताना झोपलेल्या खेळाडूचा खालचा भाग जमिनीच्या रंगात बुडवावा. फ्रेम रेटचेही तसेच. 30 एफपीएसवर नवे चित्र 33 मिलिसेकंदांनी येते, 90 वर 11 नी. ज्या फोनचा प्रोसेसर सक्षम आहे त्यालाही केवळ आपल्या यादीत नाव नाही म्हणून 90 नाकारला जातो. यादी काढून टाका आणि फोनची प्रत्यक्ष चाचणी घेऊन ठरवा.

चीटिंगबद्दल एकच तांत्रिक मागणी. भिंतीपलीकडचे दाखवणारे हॅक चालतात, कारण सर्व्हर सगळ्यांची जागा सगळ्या फोनना पाठवत राहतो. जो दिसण्याची शक्यताच नाही त्याची जागा पाठवूच नका. जी माहिती फोनवर आलेलीच नाही ती कोणताही हॅक वाचू शकत नाही. व्हॅलरंटमध्ये हे केलेले आहे. बंदी खात्यासोबत फोन आणि मोबाइल नंबरवरही लागावी, आणि हॅकर पकडला गेला की त्याने ज्यांचे गुण खाल्ले त्यांना ते परत मिळावेत.

शेवटी, प्रत्येक पॅचसोबत (गेमच्या अपडेटसोबत) बंदुकांचा पूर्ण तक्ता मराठी, हिंदी आणि इंग्रजीत जाहीर करा: डॅमेज, पल्ल्यानुसार घट, वेग, रीलोडचा वेळ, जुना आकडा आणि नवा आकडा. ‘काही शस्त्रांचा समतोल सुधारला’ या एका ओळीवर खेळाडूने काय समजायचे?

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम 2020 प्रमाणे तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात अपेक्षित आहे. विकतच्या रायफलचा खुलासा आणि परताव्याची पद्धत या दोन बाबींवर त्या मुदतीत लेखी उत्तर द्यावे. टिक रेट आणि जुळणीला वेळ लागेल हे समजू शकतो. त्यासाठी कोणत्या सीझनपासून काय बदलणार तेवढे कळवावे. उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर हीच तक्रार नोंदवली जाईल.

कळावे,

आपला,
एक जुना खेळाडू आणि ग्राहक
(खेळाडू क्रमांक आणि नोंदणीकृत ईमेल तक्रार अर्जात दिले आहेत)

सोबत: 1) दोन्ही रायफलींच्या ट्रेनिंग ग्राउंडमधील चाचणीचे चित्रण, 2) क्रेट आणि लेव्हलच्या खरेदीच्या पावत्या, 3) दुकानाच्या पानाचा स्क्रीनशॉट, 4) परदेशी सर्व्हरवर टाकलेल्या सामन्यांचे पिंग दाखवणारे स्क्रीनशॉट.