नाणेघाट लेण्यापुरता नाही

संपादक महोदय,

कल्याण-जुन्नर गाडीवर मी बरीच वर्षं कंडक्टर होतो. माळशेज आला की गाडीतली पोरं खिडक्यांना चिकटायची आणि मी तिकिटांचा हिशेब जुळवत बसायचो. बाजूचा जुना नाणेघाट, म्हणजे कोकणातून जुन्नरकडे चढणारी जुनी व्यापारी वाट, मात्र पायी चढलो तो निवृत्त झाल्यावर, पायथ्याच्या वैशाखऱ्याच्या बाजूने.

तिथल्या लेण्यात समोरच्या भिंतीवर सातवाहन राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. आता राहिल्यात पावलांच्या खुणा आणि वर कोरलेली नावं : सिमुक, सातकर्णी, देवी नायनिका, कुमार हकुसिरी... बाजूच्या भिंतींवरच्या ब्राह्मी लेखात यज्ञात दान दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापणं (तेव्हाची नाणी) यांचे आकडे आहेत. आपल्याकडच्या अंकलेखनाचा हा फार जुना नमुना. जन्मभर वेबिल लिहिलेला माणूस मी. दोन हजार वर्षांपूर्वीचा तो जमाखर्च बघत बराच वेळ उभा राहिलो.

पण माझं म्हणणं लेण्याबाहेरचं आहे. घाटात पाण्याची खोदीव टाकी आहेत. त्यांतलं एक सोपाऱ्याच्या गोविंददासाने दिल्याचा लेख आहे. सोपारा म्हणजे आपला नालासोपारा, तेव्हाचं बंदर! म्हणजे तेव्हाही उतारू बंदरावरूनच वर यायचे, आणि चढणीवर तहान लागते हे त्या दात्याला ठाऊक होतं. वर दगडी रांजण आहे, त्यात जकातीची नाणी पडायची असं सांगतात. पायऱ्या, टाकी, रांजण, पुढे जुन्नरभोवतीची तुळजा, मानमोडी, लेण्याद्रीची लेणी, हे सगळं एकाच वाटेवरचं. ही वाट वाहती होती म्हणून सातवाहनांनी पुतळे इथे कोरवले. नाहीतर या कड्यावर ते बघणार कोण होतं?

पावसाळ्यात उलटा धबधबा बघायला गर्दी लोटते. येऊ देत, आम्हीही हौशीच. पण गेल्या जुलैत टाक्यातून मी अकरा बाटल्या काढल्या, आणि एका पायरीवर कुणी तरी ऑइलपेंटने बदाम काढून ठेवला होता. लेण्यात असं केलं तर चार जण ओरडतील. पायरीला कुणी लेणं समजत नाही.

पुरातत्त्व खात्याने पायथ्यापासून माथ्यापर्यंतची वाट एकच स्मारक धरून मोजावी, नकाशावर घ्यावी. आणि पुतळ्यांची नावं मराठीत लिहिलेला एक फलक लावावा. तो लेण्यात नको, रांजणाजवळ लावा. दम खायला सगळे तिथेच थांबतात.

- एक निवृत्त एसटी वाहक, कल्याण