मेलबॉक्स हलवण्याआधी नावांची यादी तपासा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२५ च्या परिपत्रकाप्रमाणे देशातील बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या डोमेनवर, म्हणजे वेबसाइट व ई-मेल पत्त्याच्या शेवटी येणाऱ्या या नावावर, जायचे होते. त्याच महिन्यात, १४ ऑक्टोबर रोजी, मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज सर्व्हर या मेल हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या २०१६ व २०१९ या दोन्ही आवृत्त्यांचा नियमित सपोर्टही संपला. ज्या संस्थांचे ई-मेल आजवर त्यांच्याच कार्यालयातील सर्व्हरवर होते, त्यांना मेलबॉक्स दुसरीकडे हलवण्याचा निर्णय आता लांबणीवर टाकता येणार नाही. गेली १८ वर्षे मी सहकारी व शिक्षणसंस्थांचे मेल सर्व्हर सांभाळतो आहे. जुन्या जागेवरचे मेल उचलून नव्या जागी ठेवायचे आणि शनिवारी रात्री सुरू केलेले काम सोमवारी सकाळी संपवायचे, एवढेच हे काम आहे असा समज संचालक मंडळांत पक्का बसलेला दिसतो. तो चुकीचा आहे आणि त्याचा त्रास कर्मचाऱ्यांना व ग्राहकांना होतो, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मेलची नक्कल करणे हा या कामातला सोपा भाग आहे. कर्मचारी नेहमीसारखे काम करत असताना मेलबॉक्स मागच्या मागे नव्या सर्व्हरवर उतरत राहतो आणि शेवटच्या टप्प्यात तेवढा उरलासुरला भाग नेऊन जोडणी बदलली जाते. खरी कसोटी लागते ती डिरेक्टरीची, म्हणजे कोण कर्मचारी आहे, त्याचा पत्ता कोणता, तो कोणत्या गटात आहे आणि कोणाचा मेलबॉक्स पाहण्याचा त्याला अधिकार आहे याची नोंद ठेवणाऱ्या यादीची. मायक्रोसॉफ्टच्या एंट्रा कनेक्टसारखे सिंक्रोनायझेशन (सिंक), म्हणजे दोन याद्या जुळत्या ठेवण्याचे सॉफ्टवेअर दर अर्ध्या तासाने जुन्या ठिकाणची यादी वाचते आणि झालेले बदल नव्या ठिकाणी उतरवते. ते माणसाला नावाने ओळखत नाही. खाते उघडताना त्याला मिळालेला एक अंतर्गत क्रमांक हीच त्याची ओळख असते आणि नाव, आडनाव, हुद्दा बदलला तरी तो क्रमांक बदलत नाही. दोन्हीकडची खाती या क्रमांकाने जोडलेली नसतील, तर सॉफ्टवेअर ई-मेल पत्त्यावरून जोडी जुळवू पाहते आणि गोंधळाला तिथून सुरुवात होते.

आपल्याकडे हा गोंधळ होण्याची कारणे रोजच्या व्यवहारातली आहेत. एकाच संस्थेत चार-पाच ‘एस. पाटील’ असतात आणि त्यांचे पत्ते कोणी तरी कधी तरी मागे एक-दोन-तीन आकडे लावून दिलेले असतात. कुलकर्णी हे आडनाव रोमन लिपीत तीन शाखांत तीन प्रकारे लिहिलेले सापडते. लग्नानंतर नाव बदलले की जुने खाते तसेच ठेवून नव्या नावाने दुसरे उघडले जाते. अशाच एका कर्मचारी ताईंची दोन्ही खाती नव्या सर्व्हरवर गेली. त्यांना रिकामा मेलबॉक्स दिसू लागला आणि त्यांचे ११ वर्षांचे मेल, ज्याचा पासवर्ड कोणालाच आठवत नव्हता अशा जुन्या नावाच्या खात्यात पडून राहिले. सॉफ्टवेअरने त्याला दिलेले काम चोख केले होते, कारण यादीतच एका व्यक्तीच्या दोन व्यक्ती झालेल्या होत्या. ही यादी संगणक विभागाने एकट्याने दुरुस्त करावी ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. कोण निवृत्त झाले, कोणाची बदली झाली, कोणाचे नाव कधी बदलले हे आस्थापना विभागाच्या मस्टरवर आणि सेवापुस्तकांत असते. दोनशे कर्मचाऱ्यांच्या संस्थेत आस्थापनेचा एक जाणकार माणूस सोबत बसला, तरी हे काम नीट व्हायला माझ्या अनुभवाप्रमाणे तीन आठवडे लागतात, आणि ते मेलबॉक्स हलवण्याच्या आधीचे तीन आठवडे असावे लागतात.

एका शिक्षणसंस्थेत माझ्याकडून झालेली चूकही सांगतो, कारण ती इतरांच्या उपयोगी पडेल. स्थलांतर झाले, बाहेरचे मेल येऊ लागले, नवे मेल जाऊ लागले आणि आम्ही समाधान मानले. दोन दिवसांनी परीक्षा विभागातून तक्रार आली की सहकाऱ्यांच्या जुन्या मेलला दिलेली उत्तरे परत येत आहेत. पत्ता चुकीचा टाइप केला असेल असे आम्ही त्यांना आधी सांगितले, आणि ते सांगणे चूक होते. एक्स्चेंज सर्व्हर संस्थेतल्या संस्थेत मेल पाठवताना आपण पाहतो तो पत्ता वापरत नाही, तर एक्स-५०० पद्धतीचा एक लांबलचक अंतर्गत पत्ता वापरतो. तो पत्ता जुन्या मेलमध्ये आणि आउटलुक हे मेल वाचण्या-लिहिण्याचे सॉफ्टवेअर आपोआप सुचवते त्या नावांच्या मागेही साठवलेला असतो. नव्या खात्यावर तो जादा पत्ता म्हणून नोंदवला नाही, तर जुन्या मेलला दिलेले प्रत्येक उत्तर बाउन्स होते. एका नोंदीसाठी त्या विभागातील लोकांना आठवडाभर ऐन परीक्षेच्या तोंडावर एकेक पत्ता हाताने लिहावा लागला. आयमॅप या सर्व्हरवरून मेल वाचण्याच्या सर्वसाधारण पद्धतीने मेलबॉक्स हलवणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की त्या मार्गाने फक्त मेल येतात. कॅलेंडर आणि संपर्कांची यादी वेगळी आणावी लागते.

लहान संस्थांना मला विशेष सांगायचे आहे. सिंकच्या कक्षेतून एखादा विभाग चुकून बाहेर गेला, तर सॉफ्टवेअर ते लोक काढून टाकले गेले असे समजते आणि नव्या ठिकाणची त्यांची खाती मेलबॉक्ससह काढते. ती ३० दिवसांपर्यंत परत आणता येतात, पण परत आणेपर्यंत शाखेचे काम ठप्प होते. हे टाळण्यासाठी एंट्रा कनेक्टमध्ये एक अडसर दिलेला आहे: एका फेरीत ५०० हून अधिक नोंदी काढायची वेळ आली, तर ते थांबते. मोठ्या कंपनीला हा आकडा योग्य असेल. ज्या पतसंस्थेत माणसेच १८० आहेत, तिथे सगळी खाती पुसली गेली तरी हा अडसर कधी आडवा येणार नाही. तो आकडा बदलता येतो आणि आपल्या संस्थेच्या आकाराप्रमाणे दहा-वीसवर आणायला पाच मिनिटेही लागत नाहीत. सिंक सुरू करून देणाऱ्या ठेकेदाराला हा प्रश्न लेखी विचारावा आणि उत्तर करारात नोंदवून घ्यावे.

शेवटचा मुद्दा ग्राहकांच्या सुरक्षिततेचा आहे आणि तो मला सर्वांत काळजीचा वाटतो. ‘डॉट बँक डॉट इन’ हे डोमेन रिझर्व्ह बँकेने स्थापन केलेल्या हैदराबादच्या आयडीआरबीटी या बँकिंग तंत्रज्ञान संस्थेकडून केवळ बँकांनाच मिळते, त्यामुळे नवे पत्ते अधिक भरवशाचे झाले आहेत. परंतु जुन्या ‘डॉट कॉम’ डोमेनला असे संरक्षण नाही. आता ते वापरात नाही म्हणून बँकेने त्याचे नूतनीकरण केले नाही, तर मुदत संपल्यावर ते कोणीही विकत घेऊ शकतो आणि त्या पत्त्यांवर येणारे मेल सरळ त्याच्या हातात पडू शकतात. ग्राहकांच्या फोनमध्ये, लेटरहेडवर, वीजमंडळाच्या आणि विमा कंपनीच्या नोंदींत जुने पत्ते अजून कित्येक वर्षे राहणार आहेत. यासाठी प्रत्येक कर्मचाऱ्याचा जुना पत्ता डिरेक्टरीत जादा पत्ता म्हणून कायम ठेवावा आणि जुने डोमेन किमान दहा वर्षे बँकेच्याच नावावर राखावे. त्याला वर्षाला साधारण हजार-दोन हजार रुपये लागतात. सहकारी बँकांच्या संचालक मंडळांनी पुढच्याच सभेत एवढा एक ठराव करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला विश्वासू,
मेल सर्व्हर सांभाळणारा एक वाचक,
सांगली