कालाकुंडच्या त्या मंडळींचे आभार

गेल्या रविवारी सासूबाईंना पाताळपाणी–कालाकुंड हेरिटेज गाडीने नेलं. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंग्रजांना एक कोटीचं कर्ज दिलं, म्हणून इंदूरला आलेली ही मीटरगेज. घाटातला हा तुकडा डिसेंबर २०१८पासून पर्यटकांसाठी चालतो, आणि आम्ही इंदूरकर तो अजून पाहायचाच ठेवतो!

कालाकुंडला उतरताना सासूबाईंचा पाय मुरगळला. घोटा बघता बघता टम्म सुजला. मागच्या डब्यातल्या दोन मुलांनी हातांची खुर्ची करून त्यांना बाकावर नेलं. पानाच्या द्रोणातून कलाकंद विकणाऱ्या ताईंनी तर धंदा सोडला. भट्टीवर मीठ भाजलं, आपल्याच ओढणीच्या टोकात त्याची पुरचुंडी बांधली, आधी स्वतःच्या मनगटावर टेकवून बघितली आणि मग शेकत बसल्या. गिऱ्हाइकं ताटकळली, कुणी कुरकुरलं नाही. पैसे काढले तर रागावल्याच. "माँजी से पैसे लूँगी क्या?" गार्डसाहेबांनी परतीला दाराजवळची जागा करून दिली आणि सगळे नीट बसल्यावरच हिरवा झेंडा दाखवला.

हाड शाबूत आहे. नावं विचारायची राहिली, म्हणून इथे लिहितेय. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. कलाकंद घ्यायला सासूबाई पुन्हा येणार आहेत, आणि या वेळी पैसे घ्यावेच लागतील, ताई.